चार माणसं, सहा बंदुका

ह्यूस्टनच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या बाईंनी माझा बुटांचा खोका उचलला, कानाशी धरून हलवला आणि विचारलं, "आत काय खुळखुळतंय?"

"माणूस," मी म्हणालो.

मला बाजूला उभं केलं. खोका उघडला. आत माझ्या मुलीच्या जुन्या टी-शर्टात गुंडाळलेलं प्लास्टिकचं विमान होतं, वीतभर लांब, पंख त्याहून चार बोटं जास्त. बाईंनी हे काय म्हणून विचारलं. मी जे आहे ते सांगितलं: दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन बॉम्बर, चार माणसं, सहा बंदुका, त्यातला मागच्या बंदुकीवरचा माणूस सुटा झालाय. विमानतळावर जे शब्द तोंडातून काढू नयेत त्यांतले बहुतेक मी एका वाक्यात वापरले होते. बाईंनी त्यांच्या वरिष्ठांना बोलावलं. पांढऱ्या मिशांचे ते गृहस्थ आले, त्यांनी विमान उजेडाकडे धरलं, नाकावरच्या काचेतून आत पाहिलं, हळूच पुढे कलतं केलं, मग मागे. शेंगदाण्याएवढा माणूस आतल्या आत घरंगळत गेला, पायलटच्या पाठीवर आपटला आणि परत आला.

"उत्साही दिसतोय," ते म्हणाले आणि खोका माझ्या हातात दिला.

नेवार्क येईपर्यंत मी तो मांडीवरच ठेवला. मधेच झाकण किलकिलं केलं. पंचवीस वर्षांनंतर त्यात डिंकाचा वास उरला असणं शक्य नाही, हे मला कळतं. मी तेल कंपनीत खर्चाचे अंदाज बांधतो. जे नाही ते आहे असं धरून चालणं मला जमत नाही. तरी वास आला.

मी का चाललो होतो ते आधी सांगतो. माझा मित्र देवदत्त, म्हणजे आमचा देवा, न्यू जर्सीत पिस्कॅटवेला राहतो. गेल्या वर्षी त्याला पक्षाघाताचा सौम्य झटका आला. डावा हात, डावा पाय हळूहळू बराचसा परत आला. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही असं सांगितलं. राहिली होती ती मोटार खात्याची रस्त्यावरची परीक्षा. ती त्यानं दोनदा कॅन्सल केली. तो राहतो तिथे दूध संपलं तरी गाडी काढावी लागते. त्याची बायको रोहिणी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. आपली शिफ्ट सांभाळून ती त्याला ऑफिसात सोडत होती, आणत होती. सकाळी खिडकीशी बसून दुसऱ्या कुणाच्या तरी वेळेची वाट बघणं, हे देवाचं आयुष्य झालं होतं. डोळ्यांच्या चाचण्या चांगल्या आल्या होत्या. त्याला पटत नव्हतं. तो म्हणायचा, डावीकडचं मला उशिरा कळतं.

रोहिणीनं मला फोन केला. "शुक्रवारी परत अपॉइंटमेंट आहे. हीपण कॅन्सल करणार, मला माहितीये. मी म्हटलं, तुला नक्की हवंय तरी काय? तर म्हणाला, माझा क्रू."

"वहिनी, तो चेष्टा करतोय."

"चेष्टा करत असेल तर वर्षभरातली पहिली आहे. तुम्ही तिघं या. आणि ते विमान आणा."

तर तिघं म्हणजे मी, शिरीष आणि मुकुंद. देवा धरून चौघे. पिस्कॅटवेतल्या एका दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही विद्यार्थी म्हणून एकत्र राहायचो. देवा कोल्हापूरचा, मेकॅनिकलचा. शिरीष नागपूरचा, कॉम्प्युटरचा. गाडी त्याची आणि लायसन्सही पहिलं त्याचंच. मुकुंद पुण्याचा, केमिस्ट्रीचा, कमी बोलणारा आणि बोलला की लागेल असं बोलणारा. मी सांख्यिकीचा.

त्या घराचे वास मी आजही ओळीनं सांगू शकतो. थंडी पडू लागून हीटर पहिल्यांदा सुरू झाला, की उन्हाळाभर साठलेली धूळ जळल्याचा वास. तळमजल्यावरच्या लाँड्रीतून वर येणारा गरम, गोडसर, साबणाचा वास. फोडणी, आणि फोडणीच्या मागोमाग धुराचा अलार्म. अलार्मखाली टॉवेल फडकावत उभं राहणं हे ज्याच्या वाट्याला आलं असेल त्याच्या जेवणात एक पोळी जास्त. आणि खिडकीपाशी, टेबलाच्या अर्ध्या भागावर, प्लास्टिकच्या डिंकाचा नाकात चढणारा वास. टेबलाचा उरलेला अर्धा भाग जेवायला. डिंकाचं झाकण लावल्याशिवाय वरण वाढायचं नाही, हा नियम मुकुंदनं केला होता. रसायनं त्याला कळायची.

विमानाचा तो संच देवानं कुणाच्या तरी गॅरेज सेलमधून आणला. पहिल्याच शरद ऋतूत, रस्त्याकडेची झाडं लाल व्हायला लागली होती. खोक्याचा एक कोपरा उंदरानं खाल्लेला, आत सगळे भाग आपापल्या चौकटीत तसेच, पण जोडणीचा कागद गायब. कुणीतरी घेतलं होतं आणि सुरूच केलं नव्हतं. देवा युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत गेला आणि एका जाड पुस्तकातून आकृत्यांच्या झेरॉक्स काढून आणल्या. त्या फ्रीजवर लागल्या. कुठला माणूस कुठे बसतो, कुठली बंदूक कुठल्या काचेतून बाहेर येते, ती किती अंशांत फिरते. दूध काढायला फ्रीज उघडला की जर्मन बॉम्बरचं नाक आपल्याकडे यायचं.

"नाझी विमान घरात कशाला रे यार?" शिरीष म्हणाला.

"माणसं बघायला," देवा म्हणाला. त्यानं बॉम्बचे तुकडे चौकटीतून काढलेच नाहीत. ती चौकट पिझ्झाच्या खोक्यात घातली आणि कचऱ्यात टाकली.

"मग हे बॉम्बर कसलं?" मुकुंद म्हणाला.

"आता नाही. आता ही चार माणसांची खोली आहे."

या विमानांनी कुणाकुणाची घरं पाडली ते आम्हाला ठाऊक होतं. त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं, आणि देवाही मिरवत नव्हता. त्याला एकाच गोष्टीचं वेड लागलं होतं: एवढं मोठं दोन इंजिनांचं विमान, आणि त्यातले चौघेही पुढे, काचेच्या एका घुमटाखाली, खांद्याला खांदा लावून बसवलेले. डावीकडे पायलट. त्याच्या उजव्या बाजूला, जरा खाली, निरीक्षक: नकाशा त्याच्याकडे, बॉम्ब सोडणं त्याच्याकडे, समोरची बंदूकही त्याच्याकडे. पायलटच्या पाठीला पाठ लावून, शेपटाकडे तोंड करून, रेडिओवाला; मागच्या बंदुका त्याच्या. आणि चौथा यंत्रांकडे बघणारा. वेळ आली की तो खाली विमानाच्या पोटातल्या खोबणीत पालथा पडायचा आणि खालून येणाऱ्यावर बंदूक रोखायचा.

"सगळ्यांना एका जागी कशाला कोंबलं?" मी विचारलं. "एकाच माऱ्यात चौघेही जातील. हिशेब चुकलाय."

"हिशेब तुझा बरोबर आहे," देवा म्हणाला. "पण त्यांना वाटलं, जवळ असले की माणसं घाबरत नाहीत. शेजारच्याचं कोपर लागलं की बरं वाटतं."

सुरुवातीला त्या विमानाला तीनच बंदुका होत्या. मार बसायला लागला तशा त्यांनी वाढवल्या, जिथे काच दिसली तिथे एक. पाच झाल्या, कधी सहा. माणसं चारच राहिली. पायलटचे हात आधीच गुंतलेले, म्हणजे बाकीच्या तिघांत त्या वाटायच्या. एका बंदुकीच्या डब्यात पंचाहत्तर गोळ्या. तो संपला की काढून दुसरा चढवायचा, तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं कुणी आलं तर ही सोडून ती धरायची. देवा हे आम्हाला हातवारे करून दाखवायचा, एका हातात कालथा, दुसऱ्या हातात झारा, खुर्चीवर गर्रकन वळून. आमटी उतू जायची.

आता गाडीबद्दल. शिरीषची गाडी राखाडी, लांबलचक, आमच्यापैकी कुणाच्याही धीरापेक्षा जुनी. डिसेंबरात बर्फ ढकलणाऱ्या ट्रकनं तिचा उजवा आरसा नेला. जानेवारीत एका सकाळी आतला, समोरच्या काचेवरचा आरसा थंडीनं आपोआप गळून शिरीषच्या मांडीत पडला. देवानं तो विमानाच्या डिंकानं चिकटवला. दुसऱ्या दिवशी परत मांडीत.

"प्लास्टिकच्या डिंकानं काच चिकटत नाही," मुकुंद म्हणाला. "हे आठवीत शिकवतात. कोल्हापुरात नसतील शिकवत."

आरसे वसंत ऋतूत बसवायचे ठरलं. तोवर देवानं गाडीत विमान बसवलं. तो म्हणाला, अमेरिकेत आल्याचा हा फायदा बघा, इथे चालवणारा डावीकडे बसतो, त्या विमानातही डावीकडेच. भारतात हे जमलं नसतं. शिरीष पायलट. देवा शेजारी, नकाशा घेऊन, निरीक्षक. मुकुंद मागच्या सीटवर गुडघे टेकून, मागच्या काचेकडे तोंड करून. आणि मागे उजवीकडची सीट माझी. तिची स्प्रिंग मेलेली, बसलं की माणूस खोल जायचा आणि खिडकीतून शेजारच्या गाड्यांची फक्त चाकं दिसायची. म्हणून मी पोटातला. उजवी बाजू माझी. शिवाय गाडीचा पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकून पडलेला, तर टाकी भरल्यापासून किती मैल झाले ते डोक्यात ठेवणं आणि आणखी किती जाता येईल ते सांगणं, हेही माझं. यंत्रांकडे बघणारा मीच होतो.

मुकुंदच्या त्या बसण्यात सीटबेल्ट नव्हता. माझ्या मुलीनं आज कुणाच्या गाडीत असं केलं तर मी त्या गाडीची किल्ली काढून घेईन. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला ते शास्त्रशुद्ध वाटत होतं.

शनिवारी सकाळी आम्ही किराण्याला ओक ट्री रोडला जायचो. रस्त्यावर मिठाचा पांढरा थर, टायरखाली त्याची करकर, हीटरच्या हवेला करपलेल्या लोकरीचा वास, काचेवर आतून धरलेलं बाष्प आणि ते पुसायला मुकुंदचा हातमोजा. देवाची हाक यायची: "मागे?" मुकुंद म्हणायचा, "मोकळं." "पोटातला?" मी म्हणायचो, "उजवीकडे मोकळं." गप्प बसायची परवानगी नव्हती. देवा म्हणायचा, मागून आवाज आला नाही तर पायलटनं काय समजायचं? झोपला की मेला?

"आणि हाका तू का मारतोस?" शिरीष चिडायचा. "गाडी माझी, चालवतो मी."

"सुरुवातीला पुष्कळदा निरीक्षकच विमानाचा मुख्य असायचा," देवा म्हणायचा. "पायलट म्हणजे ड्रायव्हर."

"उतर बे खाली."

पेट्रोल संपून आम्ही एकदाही रस्त्यात थांबलो नाही. हे मी कुठेही छातीठोकपणे सांगतो. चूक झाली ती दुसरीकडे.

फेब्रुवारीतली दुपार, हायवेवर भुरभुर बर्फ. मुकुंद मागून ओरडला, "ट्रक! डावीकडून!" शिरीष उजवीकडे सरकला. आणि ट्रक उजवीकडूनच आला. मी पोटात होतो, मला त्याची चाकं दिसली, माझ्या कानाएवढ्या उंचीवर, इतक्या जवळ की नटबोल्टवरचा चिखल मोजता आला असता. भोंगा, पाण्याचा फवारा, काचेवर चॉकलेटी पडदा. शिरीषनं गाडी सावरली. लागलं कुणालाच नाही, आरसा तर आधीच गेलेला. एका दुकानाच्या पार्किंगमध्ये शिरला आणि इंजिन बंद करून स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला.

"मी डावीकडेच म्हणालो," मुकुंद म्हणाला. "माझ्या डावीकडेच होता तो."

बरोबर होतं त्याचं. तो उलटा बसला होता. त्याची डावी म्हणजे आमची उजवी. चार इंजिनिअरिंग-सायन्सची डोकी, फ्रीजवर आकृत्या, आणि महिनाभरात एकालाही हे सुचलं नव्हतं.

घरी आल्यावर देवा कोट न काढता टेबलाशी गेला. मागचा माणूस अजून बसवायचा होता, घुमटाची काचही. त्यानं तो चिमट्यात धरला, शेपटाकडे तोंड करून पाठ पायलटला लावली, आणि तसाच धरून राहिला. मग म्हणाला, "आजपासून डावं-उजवं चालवणाऱ्याचं. मागच्याला काहीही दिसो, त्यानं आधी मनात वळायचं आणि मग बोलायचं."

"आणि घाई असेल तर?" मुकुंद म्हणाला.

"घाईतही."

मुकुंद ते शिकला. इतकं, की पुढे लग्नाच्या पंगतीतही समोर बसलेल्याला "तुझ्या डावीकडची कोशिंबीर" असं तो अचूक सांगायचा. देवानं मागचा माणूस चिकटवला, त्यावर काच बसवली, आणि ती कायमची बंद झाली. एप्रिलमध्ये पहिल्या उबदार दिवशी खिडकी उघडून विमान सिलिंगला दोऱ्यानं टांगलं. वारा आला की ते हळूच नाक फिरवायचं. गाडीला दोन्ही आरसे बसले. आम्हाला थोडं चुकल्यासारखं वाटलं, आणि हाका तशाच चालू राहिल्या.

मग घर मोडलं, जसं ते मोडतंच. शिरीष कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला, मुकुंद बॉस्टनजवळ, मी ह्यूस्टनजवळ शुगर लँडला. देवा तिथेच राहिला. विमान माझ्याकडे आलं, कारण माझ्याकडे वस्तू हरवत नाहीत. पण शुगर लँडच्या उन्हाळ्यात गॅरेज भट्टी होतं. एका ऑगस्टमध्ये खोका हलवताना आतून आवाज आला. मागच्या माणसाचा डिंक सुटला होता.

बुधवारी रोहिणीनं मला नेवार्कहून आणलं. वाटेत तिनं टाकी भरली. गुरुवारी सकाळी शिरीष आणि मुकुंद आले. शिरीषचं पोट पुढे आलंय, मुकुंदचे केस मागे गेलेत. देवा दारात उभा होता, काठीशिवाय, डावा हात चौकटीला.

"क्रू म्हातारा झाला," तो म्हणाला.

"निरीक्षकाचं निरीक्षण चांगलं आहे," मुकुंद म्हणाला. "मग परीक्षा का देत नाहीस?"

असं फक्त मुकुंद विचारू शकतो. देवा हसला नाही. "उद्या सकाळी फोन करून कॅन्सल करेन म्हणतो," तो म्हणाला. रोहिणी स्वयंपाकघरात भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

"उद्याचं उद्या," शिरीष म्हणाला. "आत्ता चल."

युनिव्हर्सिटीचं ते मोठं पार्किंग उन्हाळ्यात रिकामं असतं. नुकतंच कापलेलं गवत, त्याचा हिरवा ओला वास, आणि गवतावर ठाण मांडलेले करडे हंस, ज्यांना न्यू जर्सीत कुणी हलवू शकत नाही. कायद्यानं देवाच्या शेजारी लायसन्सवाला माणूस हवा, तो शिरीष. मागे मुकुंद आणि मी. मांडीवर खोका. आमच्या क्रूमध्ये पहिल्यांदाच देवा पायलटच्या जागी आणि आम्ही त्याच्यासाठी हाका मारणारे. रोहिणीच्या गाडीला चहूबाजूंनी कॅमेरे. जरा कुठे काही जवळ आलं की ती टुंग टुंग करायची.

"यार, या गाडीत आपल्याला जागाच नाही," शिरीष म्हणाला. "सगळ्या पोझिशन भरलेल्या."

तरी आम्ही बोलत राहिलो. मागे मोकळं. उजवीकडे मोकळं. डावीकडे खांब. देवानं दोन फेऱ्या सुंदर मारल्या. तिसऱ्या फेरीला त्यानं गाडी मधेच थांबवली आणि हात मांडीवर ठेवले.

"उद्या तुम्ही नसणार," तो म्हणाला. "शेजारी ती परीक्षा घेणारी बाई. ती म्हणेल का मला, डावीकडे मोकळं?"

"ती फक्त मार्क कापेल," मुकुंद म्हणाला.

देवानं पुन्हा ब्रेकवरचा पाय हलवला, गाडीला हिसका बसला, आणि माझ्या मांडीवर खोका वाजला.

"काय वाजतंय ते?"

"मुकुंद," मी म्हणालो. "सुटलाय."

"दाखव."

मी विमान पुढे दिलं. त्यानं ते उजव्या हातात घेतलं, मग मुद्दाम डाव्या हातात. बोटं एकेक करून पंखाखाली गेली; आम्ही तिघांनीही खिडकीबाहेर पाहिलं. त्यानं विमान पुढे कलतं केलं. सुटा माणूस घरंगळत समोरच्या बंदुकीशी गेला. बाजूला कलतं केलं, तो पोटातल्या खोबणीशी. मागे कलतं केलं, तो परत आपल्या जागी. देवा ते पुन्हा पुन्हा करत राहिला. आत तो माणूस या काचेपासून त्या काचेपर्यंत धावत होता.

"काच फोडून चिकटवायचा का?" मी विचारलं.

"राहू दे," देवा म्हणाला. "सहा बंदुका. असाच हवा." मग विमान माझ्याकडे दिलं. "उतरा."

"काय?"

"मुकुंद, उतर. पोटातला, तूही उतर. शिऱ्या, तू बस, कायदा आहे. पण तोंड उघडलंस तर तुलाही उतरवीन."

आम्ही उन्हात उभे राहिलो. गाडी निघाली, चारही खिडक्या उघड्या. पार्किंगच्या टोकाला पोचली, वळली, आणि आमच्याकडे येताना आतून आवाज ऐकू आला, पंचवीस वर्षांपूर्वीचा, हाका मारणारा. आता हाकही त्याची आणि उत्तरही त्याचंच. "समोर? मोकळं. मागे? मोकळं. पोटातला? उजवीकडे मोकळं." प्रत्येक हाकेला डोकं वळत होतं, ते आम्हाला लांबून दिसत होतं. शिरीष शेजारी ओठ घट्ट मिटून बसला होता. इतका वेळ गप्प बसलेला तो मला कधीच दिसला नव्हता.

गाडी दुसऱ्या वळणाशी आली तेव्हा डावीकडच्या गवतातून हंसांची एक रांग डांबरावर उतरली. मुकुंदचा हात वर गेला. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. गाडी चालत होती.

"डावीकडे?" गाडीतून आवाज आला. डोकं वळलं. "डावीकडे हंस. दोन. चार. अरे लई आहेत. थांबतो."

गाडी थांबली. मग टुंग झालं, त्याच्यानंतर. हंस सावकाश, मान वर करून, बोनेटसमोरून गेले. देवा प्रत्येकाला मोजत होता. मी पण.

शुक्रवारी त्यानं फोन केला नाही. परीक्षेच्या ऑफिसच्या आवारात आम्ही तिघं आणि रोहिणी एका झाडाखाली उभे राहिलो. परीक्षा घेणाऱ्या बाई ठेंगण्या, गंभीर, हातात पाटी. त्या शेजारी बसल्या, देवा त्यांना काहीतरी समजावून सांगताना दिसला, त्यांनी खांदे उडवले, आणि गाडी फाटकाबाहेर गेली. रोहिणीनं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला आणि सोडला, गुंडाळला आणि सोडला. खोका मी काखेत धरला होता.

गाडी परत आली, पांढऱ्या रेघांमध्ये सरळ उभी राहिली. बाई आधी उतरल्या. आमच्याजवळून जाताना रोहिणीकडे पाहून इंग्रजीत म्हणाल्या, "सगळा वेळ मोठ्यांदा बोलत होते. मला एक शब्द कळला नाही. पण जिथे म्हणत होते तिथे बघत होते. पास आहेत."

रोहिणीनं डोळ्यांना रुमाल लावला. देवा काच खाली करून बसून राहिला होता. कपाळावर घाम होता.

"काय लेका," शिरीष म्हणाला, "बाईंशी एवढं काय बोलत होतास?"

"बाईंशी नाही. चारही जागा एकट्यानं सांभाळत होतो," देवा म्हणाला. "दम लागतो रे. बसा आता."

बसलो. शिरीष पुढे. मागे डावीकडे रोहिणी, मधे मुकुंद, उजवीकडे मी. या गाडीच्या सीटची स्प्रिंग शाबूत आहे. मला आकाश दिसत होतं. देवानं पट्टा ओढला, आरशात आम्हा तिघांना पाहून घेतलं.

"पोटातला?"

"हं."

"पेट्रोल?"

काटा त्याच्या डोळ्यांसमोर होता, आणि शेजारी किती मैल जाता येईल तो आकडाही. पण मी बुधवारपासून मोजत होतो.

"घरापर्यंत पुरेल," मी म्हणालो. "ओक ट्री रोडवरून गेलो तरी पुरेल."

"मग तसंच जाऊ." त्यानं डावीकडचा दिवा लावला. आम्ही चौघांनीही माना वळवल्या आणि गप्प राहिलो.

"डावीकडे मोकळं," तो म्हणाला, आणि वळला.